थव्यातला मासा आणि वेगळ्या वाटेने जाणारा मासा

नारळी पौर्णिमेनंतर दर्या निवळू लागला की मालवणच्या किनाऱ्यावर रापणीची लगबग सुरू होते. पाण्यावर एखाद्या ठिकाणी काळसर छटा दिसली, की जाणता रापणकर तारलीचा किंवा बांगड्याचा थवा ओळखतो. मग होडीतून जाळ्याचा अर्धवर्तुळाकार वेढा टाकला जातो आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे ओढू लागतात. वेढा पुरता आवळेपर्यंत निसटायला वाव असतो, तरीही थवा फुटत नाही आणि बहुतेक मासळी एकगठ्ठा हाती लागते.

याला गतानुगतिकता म्हणून हिणवणे सोपे आहे, परंतु ते अन्यायाचे ठरेल. थव्याला पुढारी नसतो. प्रत्येक मासा डोळ्यांनी, तसेच अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या आणि पाण्याची बारीकशी हालचालही टिपणाऱ्या पार्श्वरेषेच्या साहाय्याने केवळ शेजाऱ्यांचा अंदाज घेतो: फार जवळ जायचे नाही, फार दूर राहायचे नाही आणि तोंड त्यांच्याच दिशेला ठेवायचे. एवढ्या नियमांवर हजारो मासे एकदम वळतात, आणि त्या चंदेरी गोंधळात नेमके कोणाला धरावे हे सुरमईला उमगत नाही. मात्र एकेक भक्ष्य टिपणाऱ्या तोंडापुढे चालणारी ही युक्ती सगळा थवाच कवेत घेणाऱ्या जाळ्यापुढे निरुपयोगी ठरते.

मग वेगळी वाट धरणारा मासा शहाणा म्हणावा काय? जर्मन शास्त्रज्ञ एरिक फॉन होल्स्ट यांनी मिनो जातीच्या एका माशाचा अग्रमस्तिष्काचा भाग काढून टाकला. तो मासा नीट पोहत होता, खात होता, पण सोबत्यांची पर्वा त्याला उरली नव्हती. तो मनाला येईल तिकडे निघाला, आणि धडधाकट मेंदूचा सगळा थवा त्याच्यामागे गेला! (मानवी उदाहरणे वाचकांनी आपापली आठवावीत.)

अर्थात, थवा कोणाच्याही मागे असा सहजासहजी जात नाही. अ‍ॅशली वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्टिकलबॅक माशांपुढे नकली मासे ओढत नेले, तेही शिकारी माशाच्या प्रतिकृतीजवळून. एकट्या नकली माशाला मोठ्या गटाने फारशी दाद दिली नाही. परंतु दोन-तीन नकली मासे मिळून त्याच वाटेने निघाले, तेव्हा एरवी टाळली असती त्या वाटेवरही खरे मासे त्यांच्या मागोमाग गेले.