बोटवाल्यांचा खरा सीझन ऑगस्टच्या मध्यावर का सुरू होतो

अमेरिकेत मिशिगन राज्यात ज्यांच्याकडे बोट आहे त्यातले बरेचजण मेच्या शेवटच्या सोमवारी, म्हणजे मेमोरियल डेला, मोठ्या उत्साहात बोट पाण्यात टाकतात आणि तासाभरात कुडकुडत परत येतात. किनाऱ्यावर २५ डिग्री, मंडळी टी-शर्टवर निघालेली, आणि लेक मिशिगनच्या मध्यावर पाणी अजून ५-६ डिग्रीवर. मग चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मरिनात (बोटी बांधायच्या धक्क्यावर) पाय ठेवायला जागा नसते. आणि सप्टेंबरचा पहिला सोमवार, लेबर डे, झाला रे झाला की सगळं सामसूम, पोरांच्या शाळा सुरू आणि बोटी धक्क्याला बांधलेल्या. मला विचाराल तर या लोकांचं कॅलेंडरच गंडलंय. खरी मजा ऑगस्टच्या मध्यापासून ते सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि हे नुसतं माझ्या आवडीनिवडीचं नाही, यामागे चक्क फिजिक्स आहे.

आधी एक सांगतो, लेक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तळं येतं, तसलं हे प्रकरण नाही. साधारण ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचवा हिस्सा. सरासरी खोली ८५ मीटर, सगळ्यात खोल जागी २८१. समोरचा किनारा दिसत नाही, लाटा येतात, मोठी मालवाहू जहाजं जातात, फक्त पाणी गोडं.

आता एवढं पाणी तापायला वेळ लागणार हे कोणीही सांगेल. पण खरी गोम आहे ४ डिग्रीत. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ डिग्रीला. त्याहून थंड झालं तरी हलकं, गरम झालं तरी हलकं. हिवाळा संपतो तेव्हा लेकचं पाणी वरपासून खालपर्यंत २-३ डिग्रीवर असतं. एप्रिलमधलं ऊन वरच्या पाण्याला जरा तापवतं, ते ४ च्या दिशेने सरकतं, म्हणजे जड होतं, आणि खाली बुडतं. त्याच्या जागी खालचं थंडगार पाणी वर. म्हणजे नुसता वरचा थर तापवून भागत नाही, पार तळापर्यंत अख्खं पाणी ४ डिग्रीला आणावं लागतं. हिशोबच करून बघा ना, एक चौरस मीटर जागेखालचं ८५ मीटर पाणी फक्त १ डिग्रीने तापवायला जवळपास १०० युनिट वीज लागेल एवढी उष्णता हवी, आणि जूनमधल्या सरासरी दिवशी त्या चौरस मीटरवर ऊन पडतं साधारण सहा युनिटचं, त्यातलंही काही परत जातं, काही वाफ करण्यात खर्च होतं. म्हणून मे-जून नुसते भरपाई करण्यातच जातात.

एकदा का वरचं पाणी ४ च्या पुढे गेलं की मात्र खेळ उलटतो. आता तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं, आणि जुलैपर्यंत लेकचे दोन मजले होतात. वर दहा-पंधरा मीटरचा कोमट थर, खाली थंडगार पाणी, आणि मधे जिथे तापमान झपकन उतरतं तो पट्टा, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. आता उन्हाला फक्त वरचा मजला तापवायचाय, १ डिग्रीला १७-१८ युनिट पुरतात. २१ जूननंतर दिवस लहान व्हायला लागतात खरे, पण जोपर्यंत मिळणारी उष्णता निघून जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त आहे तोपर्यंत पाणी तापतच राहतं, आणि हे ऑगस्टपर्यंत चालतं. तेव्हा कुठे २०-२२ डिग्री, कधी त्याहून थोडं वर. आकाशातला उन्हाळा उतरणीला लागलेला असतो आणि पाण्यातला ऐन भरात.

गंमत म्हणजे याच दिवसांत कोकणात उलटी लगबग असते. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढून ताडपत्र्या आणि झापांखाली ठेवलेल्या, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की कोळीवाड्यांत वर्षाची नवी सुरुवात. तिकडे बोटी पाण्यात उतरत असतात तेव्हा इकडे आम्ही उरलेले शनिवार-रविवार मोजायला लागलेले असतो.

तर या उशिराने तापलेल्या पाण्याचे फायदे काय काय. एक तर नांगर टाकून सरळ उडी मारता येते, जीव कळवळत नाही. दुसरं म्हणजे वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथेही चालतात, खारं काही नसलं तरी. जूनमध्ये जमीन तापलेली आणि लेक बर्फासारखं, म्हणून दुपारी पाण्यावरून जमिनीकडे जोरदार वारा सुटतो आणि किनाऱ्याजवळ बोट नुसती आपटत राहते. ऑगस्टअखेर दोन्हीतला फरक कमी झालेला असतो, दुपारचा वारा नरम, आणि पहाटे तर जमीन पाण्यापेक्षा गार पडते म्हणून हलका वारा उलटा, जमिनीकडून पाण्याकडे. मिशिगनच्या बाजूने सहा-सात वाजता निघालात तर किनाऱ्यालगत पाण्यावर एक सुरकुती नसते. पेंटवॉटरसारख्या ठिकाणी, जिथे आतलं छोटं तळं एका कालव्याने मोठ्या लेकला जोडलंय, तिथे थंड रात्रीनंतर कालव्यातल्या पाण्यातून वाफा निघताना दिसतात, गुडघ्याएवढ्या उंचीच्या, आणि त्यातून नुसते बोटींचे टप आणि अँटेना पुढे सरकतात. (पायाला चावणाऱ्या माश्या असतात या दिवसांत, त्याही सांगून ठेवतो, मोजे घाला.)

आणि मग मासे. थर्मोक्लाइन ही पुस्तकातली गोष्ट वाटत असेल तर कोणाच्याही बोटीवरचा फिशफाइंडर बघा. साधं सोनार असतं ते, खाली आवाज पाठवतं आणि परत येणारा प्रतिध्वनी स्क्रीनवर काढतं. ऑगस्टमध्ये वीसेक मीटरवर एक पुसट, केसाळ आडवी रेघ दिसते, तळ तर अजून बराच खाली असतो. तिथे पाण्याची घनता अचानक बदलते आणि शिवाय बारीक जीव त्याच थरात जमतात, त्या सगळ्यावरून आवाज परत येतो. त्या रेघेच्या आसपास जाड कमानी दिसल्या की तो चिनूक सॅमन. त्याला साधारण १० ते १३ डिग्रीचं पाणी मानवतं, वर त्याला गरम होतं, फार खाली खाद्य कमी, म्हणून स्वारी मधल्या पट्ट्यात. मग लोक डाउनरिगर लावतात, म्हणजे स्टीलच्या तारेला चार-पाच किलोचा शिशाचा गोळा आणि त्याला क्लिपने अडकवलेली गळाची दोरी, गोळा बरोबर त्या खोलीवर सोडायचा आणि बोट अगदी हळू चालवायची. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते, वाकलेली काठी एकदम सरळ होते, आणि त्यानंतर बोटीवर जो आरडाओरडा होतो त्याला तोड नाही.

हा सॅमन मुळात इथला नाहीच, पॅसिफिकचा. अटलांटिकमधला एलवाइफ नावाचा छोटा मासा कालव्यांमधून ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे लेक मिशिगन धरून इथल्या पाच मोठ्या लेक्समध्ये, घुसला आणि त्याला खाणारं कोणी उरलं नव्हतं म्हणून इतका माजला की १९६७ मध्ये मेलेल्या एलवाइफचे किनाऱ्यावर ढीग लागले, बुलडोझर आणून उचलावे लागले. त्याला खायला म्हणून मिशिगन सरकारने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक सॅमन सोडले. आता त्यांच्या पिढ्या झाल्या, आणि ऑगस्ट संपत आला की तीन-चार वर्षांचे मोठे मासे अंडी घालायला मनिस्टी, पेअर मार्केट या नद्यांच्या तोंडाशी गोळा होतात. म्हणजे उन्हाळाभर जो मासा शोधत मैलोनमैल आत जावं लागतं तो धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर येतो. तुकड्या रव्यात घोळवून तळल्या तर चरबी जरा जास्त सुटते, आमच्याकडे आंबट-तिखट कालवणच जास्त चालतं.

पण या दोन मजल्यांचा एक भारी विचित्र परिणाम आहे. शुक्रवारी २२ डिग्री पाण्यात पोहलात, मधे दोन दिवस उत्तरेकडून जोराचा वारा आला, आणि सोमवारी त्याच ठिकाणी पाणी १० डिग्री. ऊन तेच, हवा तीच. झालं काय, तर वारा वरच्या कोमट थराला ढकलतो, दुधावर फुंकर मारली की साय कशी एका कडेला जाते तसं, आणि इकडे खालचं गार पाणी उघडं पडतं. यात अजून एक मेख म्हणजे पाणी वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ते उजवीकडे वळतं. नॉर्वेच्या नान्सेन या ध्रुव-संशोधकाने १८९० च्या दशकात ‘फ्राम’ जहाजावर असताना बघितलं होतं की आर्क्टिकचा बर्फ वाऱ्याच्या उजवीकडे सरकतो, आणि स्वीडनच्या एकमनने १९०५ मध्ये त्याचं गणित मांडलं. तेच गणित इथे आमच्या पोहण्याचं वाटोळं करतं. वारा उत्तरेकडून आला की वरचं पाणी पश्चिमेला, विस्कॉन्सिनच्या बाजूला सरकतं आणि मिशिगनच्या बाजूला ग्रँड हेवन, हॉलंडला पाणी गारठतं. दक्षिणेचा वारा असेल तर उलट, विस्कॉन्सिनमधले मिलवॉकीवाले कुडकुडतात आणि कोमट पाणी आमच्याकडे. उन्हाळ्यात दक्षिण-नैऋत्येचा वारा जास्त असतो म्हणून मिशिगनवाल्यांची एकूणात चैन आहे. तरी लाइफ जॅकेट उन्हाळा आहे म्हणून काढून ठेवायचं नाही, अचानक गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास हातात राहत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्याचासुद्धा.

लाटांचंही तसंच आहे. मे-जूनमध्ये पाणी गार आणि हवा गरम, पाण्यालगत जड हवेचा थर बसलेला असतो, वरचा वारा त्याच्यावरून घसरून जातो. सप्टेंबरमध्ये पाणी गरम, वरून कॅनडाची थंड हवा, खालची हवा वर उठते आणि वरचा जोराचा वारा खाली उतरतो. म्हणजे वाऱ्याचा अंदाज कागदावर तेवढाच असला तरी लाट मोठी. आणि इथली लाट समुद्रासारखी लांबलचक नसते, दर चार-पाच सेकंदाला एक, छोट्या बोटीला श्वास घ्यायला उसंत देत नाही. याच दिवसांत, गरम पाण्यावर थंड हवा आली की पाण्यावर भोवऱ्यासारखे जलस्तंभ उठतात. २०२० च्या सप्टेंबरअखेरच्या एका आठवड्यात सगळ्या ग्रेट लेक्सवर मिळून असे दोनशेहून जास्त नोंदवले गेले. फोटो झकास येतात, लांबून. म्हणून निघायच्या आधी मी लेकच्या दक्षिण भागात मधोमध तरंगणारा ४५००७ नंबरचा बॉय (हवामान मोजणारं तरंगतं यंत्र) फोनवर बघतोच, लाटेची उंची, दोन लाटांमधले सेकंद, पाण्याचं आणि हवेचं तापमान, सगळं फुकट मिळतं. हवा पाण्यापेक्षा सात-आठ डिग्रीने गार दिसली आणि वाराही असला की बेत किनाऱ्यावरच्या बार्बेक्यूवर येतो.

ग्रेट लेक्सपैकीच लेक इरी, तिथल्या लोकांचं दुखणं वेगळं. ते लेक उथळ, सरासरी जेमतेम १९ मीटर, म्हणून लवकर आणि जास्त तापतं, आणि मॉमी नदीतून शेतातला फॉस्फरस येतो, त्यामुळे पश्चिम टोकाला ऑगस्टमध्ये शेवाळासारख्या विषारी जिवाणूंचा हिरवा तवंग धरतो. ऑगस्ट २०१४ मध्ये टोलीडो शहरात लाखो लोकांना दोनतीन दिवस नळाचं पाणी प्यायला बंदी होती. असलं पाणी दिसलं तर पोहणं विसरा, कुत्र्यालाही उतरवू नका.

संध्याकाळी मात्र तक्रारीला जागा नाही. जूनअखेर इथे सूर्य साडेनऊच्या आसपास मावळतो, पूर्ण अंधार व्हायला अकरा वाजून जातात, तोवर पोरं झोपलेली. ऑगस्टच्या शेवटी सूर्यास्त सव्वाआठच्या सुमारास आणि दहाच्या आत आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग दक्षिणेला दिसायला लागतो. चंद्र नसताना मॅकिनॉ सिटीकडे नांगर टाकून बसा. तिथलं हेडलँड्स हे मुद्दाम काळोखं ठेवलेलं पार्क आहे. पाणी दिवसाची ऊब सोडत असतं म्हणून डेकवर रात्री एक जॅकेट पुरतं, जूनमध्ये गोधडी लागते.

मग सप्टेंबर संपता संपता बोट बाहेर काढायचं बघावं लागतं, कारण पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि इंजिनात कपभर जरी राहिलं तरी बीडाचा ब्लॉक तडकू शकतो. सगळं पाणी काढायचं, गुलाबी अँटिफ्रीझ फिरवायचं, टाकीत स्टॅबिलायझर घालायचा, नाहीतर इथलं इथेनॉलवालं पेट्रोल हिवाळाभर पडून खराब होतं आणि वसंतात कार्ब्युरेटर रुसतो. आणि यार्डात क्रेनची ऑक्टोबरमधली सोयीची तारीख पाहिजे असेल तर फोन ऑगस्टमध्येच करा, लेबर डेनंतर सगळ्यांना एकदम आठवतं.