स्काफ्टाफेलची मातीची घरे : पार्श्वभूमी

आइसलँडच्या आग्नेयेला, वात्नायोकुल हिमक्षेत्राच्या पायथ्याशी, ओरैवी हा पट्टा आहे. १३६२ मध्ये ओरैवायोकुल ज्वालामुखीने इथली नांदती वस्ती राखेखाली गाडली. पुढे माणसे परतली, पण स्केइदारा नदी काळी वाळू पसरतच राहिली. अखेर १८३० ते १८५० च्या दरम्यान याच पट्ट्यातल्या स्काफ्टाफेल वस्तीतल्या लोकांनी घरे उतारावर सुमारे शंभर मीटर वर हलवली.

मातीची घरे ही हौस नव्हती, लाकडाची चणचण होती. नवव्या शतकात आलेल्या वसाहतकारांची लांबच लांब दालने बर्चची जंगले तुटत गेली तशी परवडेनात. त्यांच्या जागी बोळाने जोडलेल्या लहान खोल्या आल्या. तुळयांना बव्हंशी समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले ओंडके.

भिंतीसाठी पाणथळ जागेतली, मुळांच्या जाळीने घट्ट विणलेली माती गवतासकट कापतात. तिच्यात वाळू किंवा राख जास्त असली की ठोकळा भुगा होतो, तेव्हा जागा निवडण्यातच अर्धे काम. ठोकळे सुकवून दगडी पायावर तिरपे रचतात, पुढचा थर उलट्या दिशेने. दोन थरांमध्ये लांब पट्ट्या घालून ते बांधून घेतात. भिंतीचे दोन्ही दर्शनी भाग असे उभे राहतात आणि पोकळीत माती ठासून भरतात. ठासण्यात कुचराई झाली की पाणी आत मुरते, गोठून फुगते आणि भिंतीला पोट येते.

गवताने झाकलेल्या छपराचा उतार हा खरा कस. फार सपाट झाला तर गळते. फार उभा झाला तर पाणी लगेच ओघळून गवत वाळते, भेगा पडतात आणि मग तेही गळतेच. पावसाळी दक्षिणेत म्हणून गवताखाली चपटे दगड घालतात. ओरैवीतल्याच होफचे १८८४ चे चर्च याच पद्धतीचे.

स्काफ्टाफेलमधल्या सेल या १९१२ च्या घरात गोठा राहत्या खोलीच्या खाली आहे, गुरांची ऊब वर यावी म्हणून. स्काफ्टाफेल १९६७ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, २००८ मध्ये वात्नायोकुल उद्यानात सामावले आणि २०१९ मध्ये हे उद्यान जागतिक वारसा यादीत गेले. घरांना मात्र नुसते संरक्षण पुरत नाही. काही दशकांनी भिंती नव्याने रचाव्याच लागतात. विसाव्या शतकात कुरणांसाठी चर खणून बऱ्याच पाणथळ जागा कोरड्या केल्या गेल्या. ठोकळ्यांची माती तिथलीच.