डेरिव्हेशन तत्त्व (नायजेरिया)

डेरिव्हेशन म्हणजे जमिनीतून जे निघालं त्याच्या उत्पन्नातला ठरावीक टक्का ते जिथून निघालं त्या राज्याला आधी द्यायचा, मग उरलेल्याची वाटणी करायची. ऐकायला हिशोबाची बाब वाटते, पण हा टक्का कधी चढला नि कधी उतरला एवढं बघितलं तरी नायजेरियाचं वांशिक राजकारण बऱ्यापैकी कळतं.

१९६० ला देश स्वतंत्र झाला तेव्हा तीन प्रांत होते, उत्तरेत हौसा-फुलानी, पश्चिमेत योरुबा आणि पूर्वेत इग्बो यांचं वजन. कमाई मुख्यतः शेतमालाची, उत्तरेचा भुईमूग, पश्चिमेचा कोको, पूर्वेचं पामतेल, म्हणजे तिन्ही मोठ्या गटांच्या गोठ्यात आपापली दुभती गाय होती, त्यामुळे 'ज्याचं त्याला' हे सगळ्यांनाच चालत होतं, आणि खनिजांच्या रॉयल्टीतले ५० टक्के प्रांताला परत द्यायचे असं राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. तेल मात्र निघालं दक्षिणेत नायजर नदीच्या मुखाशी, नायजर डेल्टात, १९५६ ला ओलोइबिरी गावात, जिथे इजॉ, ओगोनी असे तुलनेने लहान समाज राहतात. इथूनच गणित फिरलं.

मे १९६७ मध्ये लष्करी प्रमुख गोवन यांनी प्रांत मोडून १२ राज्यं केली, त्यात तेलाचा बराचसा भाग इग्बो पट्ट्यापासून वेगळा पडला, आणि तीनच दिवसांत पूर्व प्रांताचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी आपला प्रांत 'बियाफ्रा' नावाचा वेगळा देश म्हणून जाहीर केला. त्यावरून पेटलेलं युद्ध जानेवारी १९७० ला संपलं. त्याआधीच १९६९ च्या कायद्याने सगळं तेल केंद्राच्या मालकीचं झालं होतं. मग डेरिव्हेशनचा टक्का उतरत गेला, १९७० ला ४५, १९७५ ला २०, आणि १९८० च्या दशकात जेमतेम दीड. कोको होता तोवर 'ज्याचं त्याला' चालत होतं, तेल आल्यावर 'सगळ्यांचं सगळं' झालं, असं डेल्टातले लोक म्हणतात आणि खोटं काही बोलत नाहीत.

दुसरी गंमत वाटणीच्या फॉर्म्युल्यात आहे. राज्यांच्या वाट्यातले ४० टक्के सगळ्यांना सारखे आणि ३० टक्के लोकसंख्येवर जातात, त्यामुळे नवीन राज्य मिळालं की नवीन वाटा मिळाला, म्हणून मागण्या वाढत गेल्या आणि १२ ची १९७६ ला १९ आणि १९९६ ला ३६ राज्यं झाली. स्थानिक शासनाच्या युनिट्सचंही तेच, उत्तरेतल्या कानोत ती ४४ आहेत आणि तेलवाल्या बायेल्सात फक्त ८. जनगणनेवर तिथे एवढी भांडणं का होतात ते यावरून कळावं (शेवटची २००६ ला झाली).

१९९० ला ओगोनी लोकांनी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्यांचे नेते केन सारो-विवा यांना १० नोव्हेंबर १९९५ ला फाशी दिलं गेलं, जगभर बोंबाबोंब झाली. १९९९ च्या राज्यघटनेत डेरिव्हेशनचे 'किमान १३ टक्के' आले. २००२ ला सुप्रीम कोर्टाने समुद्रातलं तेल राज्यांच्या हिशोबात धरायचं नाही असं ठरवलं, मग २००४ च्या कायद्याने २०० मीटर खोलीपर्यंतचं परत धरलं. तरी पाइपलाइन फोडणं, अपहरणं चालूच राहिली, २००९ ला सरकारने बंडखोरांना माफी दिली तेव्हा कुठे थोडं थंडावलं.

आता हे १३ टक्के पोचतात कुठे, तर गव्हर्नरकडे, गावात नाही. डेल्टा राज्याचे माजी गव्हर्नर जेम्स इबोरी यांना २०१२ ला लंडनच्या कोर्टात मनी लाँडरिंगसाठी शिक्षा झाली, ती पण नेमकी १३ वर्षांची.

गावांना थेट काही मिळावं म्हणून २०२१ च्या पेट्रोलियम कायद्यात तेल कंपन्यांनी वार्षिक चालू खर्चाच्या ३ टक्के रक्कम स्थानिक ट्रस्टला द्यायची अशी तरतूद आली. त्याच कायद्यात सरकारी तेल कंपनीला मिळणाऱ्या प्रॉफिट ऑइल आणि गॅसचे (म्हणजे खर्च वजा जाता उरणाऱ्या तेल-वायूतल्या वाट्याचे) ३० टक्के नवीन भागात तेल शोधायला राखून ठेवले होते, आणि या नवीन भागांपैकी बरेचसे उत्तरेत आहेत, त्यामुळे दक्षिणेतले गव्हर्नर भडकले.