मावतंय का? फॉरमॅटरचा एकच प्रश्न

‘कोड फॉरमॅट करून घेतला, आता नीट चालेल’ असं नवशिके प्रोग्रॅमर सर्रास म्हणतात. नाही चालणार. आधी चालत असेल तर चालेल, नसेल तर जिथे अडत होता तिथेच अडेल. फॉरमॅटर म्हणजे कोडची मांडणी नीटनेटकी करणारं साधन. टर्मिनलवर ‘ब्लॅक’, ‘प्रिटियर’ किंवा ‘गोएफएमटी’ अशा एखाद्या फॉरमॅटरची एक कमांड दिली की शेकडो फायलींमधल्या मोकळ्या जागा आणि ओळी बघता बघता शिस्तीत येतात, हे खरं. पण प्रोग्रॅमचा अर्थ तसूभरही हलता कामा नये, ही या साधनांची पहिली अट. पायथनसाठीचं ब्लॅक तर काम झाल्यावर जुन्या आणि नव्या कोडचं सिंटॅक्स ट्री (कोडची रचना दाखवणारं झाड) ताडून पाहतं. फरक दिसला तर चूक दाखवतं आणि फाइल होती तशी ठेवतं.

हे काम ‘शोधा आणि बदला’ छापाचं आहे, असाही समज असतो. प्रत्यक्षात ब्लॅक किंवा प्रिटियर कोड वाचतात, त्याचं झाड उभं करतात आणि तुम्ही हौसेने दिलेल्या बहुतेक मोकळ्या जागा सरळ टाकून देतात. मग त्या झाडावरून सगळा मजकूर नव्याने लिहून काढतात. खरी गंमत या लिहिण्यात आहे.

ओळ कुठे तोडायची? 1980 मध्ये संगणकशास्त्रज्ञ डेरेक ओपन यांनी यावर एक देखणी पद्धत मांडली. मजकुराचे एकात एक बसणारे गट करायचे आणि गटात जिथे ओळ तोडता येईल तिथे खुणा ठेवायच्या. प्रत्येक गटाला एकच प्रश्न विचारायचा: उरलेल्या ओळीत तू पूर्ण मावतोस का? मावत असेल तर सगळ्या खुणांच्या जागी साधी स्पेस. नसेल तर या गटाच्या खुणांवर ओळ तोडायची आणि आतल्या गटांना तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.

समजा, ओळीत 15 अक्षरांची जागा आहे आणि कोड असा आहे:

पाठव(नाव, पत्ता(गल्ली, पिन))

ही झाली 19 अक्षरं. बाहेरचा गट मावत नाही, तो तुटतो:

पाठव(
    नाव,
    पत्ता(गल्ली, पिन)
)

तिसरी ओळ चार जागा आत सरकूनही 14 मध्ये बसते, म्हणून आतला ‘पत्ता’ अखंड राहिला. (देवनागरीत अक्षरं मोजणं हीच एक डोकेदुखी. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर, पण युनिकोडच्या हिशेबात सहा चिन्हं.)

आता शंका येईल की गट मावतो का हे कळायला तो शेवटपर्यंत वाचावा लागणार, आणि गट हजार ओळींचा असला तर? ओपन यांची युक्ती इथेच आहे. वाचणारा भाग पुढे धावतो, लिहिणारा मागून येतो. पण वाचणाऱ्याला ओळीच्या रुंदीपलीकडे पाहायची गरजच नसते, कारण रुंदी ओलांडली त्या क्षणी उत्तर ‘नाही’ असं ठरून गेलेलं असतं. त्यामुळे वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणात लागतो आणि मेमरी फक्त ओळीच्या रुंदीच्या प्रमाणात. फाइल कितीही मोठी असो! प्रिटियर याच घराण्यातल्या, संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॉडलर यांच्या मांडणीवर उभं आहे. सी++ सारख्या भाषांसाठीच्या क्लँग-फॉरमॅटचा मार्ग वेगळा: ते प्रत्येक तोडीला दंड लावतं आणि सर्वांत कमी दंडाची वाट डायक्स्ट्राच्या (सर्वांत स्वस्त मार्ग काढणाऱ्या) अल्गोरिदमने शोधतं.

हल्ली ‘एआयलाच सांगा की कोड नीट करायला’ असा सल्ला मिळतो. भाषा-मॉडेल पुढचा शब्द संभाव्यतेने निवडतं. जाता जाता एखादं अधिक चिन्ह वजा झालं तरी त्याला त्याचं सोयरसुतक नाही. फॉरमॅटर त्याच मजकुरावर दरवेळी तेच उत्तर देतो, आणि मला तो अशा कामात याच ठोकळेपणामुळे आवडतो.

हा ठोकळेपणा चुका उघड्या पाडतो. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलच्या सुरक्षा-कोडमधली एक चूक गाजली. ‘गोटू फेल’ (‘थेट ‘फेल’ या खुणेपाशी जा’) ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. दुसरी ओळ ‘इफ’ या अटीच्या आत असल्यासारखी सरकवलेली होती, पण महिरपी कंस नसल्यामुळे ती अटीबाहेर होती. ती दरवेळी चालायची आणि पुढची तपासणीच वगळली जायची. फॉरमॅटरने ती दुरुस्त केली नसती, पण डावीकडे ओढून तिच्या खऱ्या जागी नक्की आणली असती.

फॉरमॅटरचं घोडं अडतं ते कॉमेंटपाशी, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपेपाशी. कंपायलरला (कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमला) कॉमेंटचं काहीच पडलेलं नसतं, त्यामुळे झाडात तिला सहसा हक्काची फांदी नसते. ती वरच्या ओळीची की खालच्या, हे साधनाला अंदाजाने ठरवावं लागतं. हाताने रांगेत लावलेली आकड्यांची कोष्टकंही अशीच विस्कटतात. तेवढ्या भागापुरतं ब्लॅकला ‘एफएमटी: ऑफ’ अशी कॉमेंट लिहून गप्प बसवता येतं.

जुन्या प्रकल्पावर पहिल्यांदाच कमांड चालवत असाल तर तो बदल वेगळ्या कमिटमध्ये (गिट या कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनातल्या एका नोंदीत) ठेवा, त्यात दुसरं काही मिसळू नका. नाहीतर ‘गिट ब्लेम’ ही कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड हजारो ओळी तुमच्याच नावावर खपवेल. 2019 च्या गिट 2.23 पासून असा कमिट वगळून खरा लेखक पाहायची सोय आहे.