कर्करोगग्रस्तांमधील कोविड-१९चा धोका

कर्करोग झालेल्या व्यक्तीला कोविड-१९ घडवणाऱ्या सार्स-कोव्ह-२ विषाणूची लागण होण्याची आणि लागण झाल्यास आजार बळावण्याची इतरांपेक्षा अधिक असलेली शक्यता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साथीच्या पहिल्या वर्षात त्यांची सर्रास गल्लत झाली.

लागणीचा धोका बराचसा रुग्णालयाच्या फेऱ्यांमधून येतो. वूहानच्या झोंगनान रुग्णालयाने २०२०च्या आरंभी १,५२४ कर्करुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १२ जण बाधित निघाले. शहरातील एकूण प्रमाणाच्या हे सुमारे दुप्पट होते. त्या १२ पैकी केवळ ५ जणांवर त्या वेळी उपचार चालू होते.

आजार किती बळावेल हे मात्र कर्करोग कोणता आणि किती जुना यावर ठरते. इंग्लंडमधील सुमारे १ कोटी ७० लाख लोकांच्या नोंदींवरून २०२०मध्ये झालेल्या अभ्यासात, वर्षभराच्या आत रक्ताच्या कर्करोगाचे निदान झालेल्यांना कोविडने मृत्यू येण्याचा धोका कर्करोग नसलेल्यांच्या सुमारे २.८ पट आढळला. निदानाला पाच वर्षे उलटल्यावरही तो १.६ पट होता. इतर अवयवांच्या कर्करोगात पहिल्या वर्षी तो १.७ पट भरला आणि पाच वर्षांनंतर जवळपास नाहीसा झाला. म्हणजे दहा वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगातून बरी झालेली स्त्री आणि लिम्फोमाचे (लसिका ग्रंथींमधील, रक्ताच्या कर्करोगांत मोडणाऱ्या कर्करोगाचे) उपचार घेणारा रुग्ण यांना एकाच यादीत बसवणे चूकच.

रक्ताच्या कर्करोगात प्रतिपिंडे (विषाणूंशी लढणारी प्रथिने) तयार करणारी यंत्रणाच बिघडते. लिम्फोमावर दिले जाणारे रितुक्सिमॅब हे औषध प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी नष्ट करते, त्यामुळे लस घेऊनही कित्येक महिने प्रतिपिंडे फारशी तयार होत नाहीत. टी-पेशी या प्रतिकारयंत्रणेतील दुसऱ्या पेशींकडून थोडेफार संरक्षण मिळते. अशा काही रुग्णांच्या शरीरात विषाणू आठवडेच नव्हे, महिनोन्‌महिने टिकून राहिला.

केमोथेरपीबद्दलची भीती त्या मानाने जास्तच ठरली. ब्रिटनमधील ८०० कोविडबाधित कर्करुग्णांपैकी २८ टक्के दगावले, पण वय, लिंग व इतर आजार हिशेबात धरल्यावर, आधीच्या चार आठवड्यांत केमो घेतलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण लक्षणीय वाढलेले दिसले नाही. वाढते वय, पुरुष असणे, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार हे घटक जास्त जड पडले.

भारतात या भीतीची आणि टाळेबंदीची किंमत उपचारांनी मोजली. ४१ कर्करोग केंद्रांत मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षाच्या तुलनेत ५४ टक्क्यांनी, तर मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्या. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मात्र शस्त्रक्रिया थांबवल्या नाहीत: २३ मार्च ते ३० एप्रिलदरम्यान ४९४ मोठ्या नियोजित शस्त्रक्रिया झाल्या, शस्त्रक्रियेनंतर ६ जण बाधित आढळले आणि एकही मृत्यू झाला नाही. पुरेशी खबरदारी घेऊन उपचार चालू ठेवता येतात, याचा इतका ठोस पुरावा त्या दिवसांत दुर्मीळ होता.

१ मार्च २०२१पासून भारतात ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांना (आधीपासून इतर गंभीर आजार असलेल्यांना) लस खुली झाली, तेव्हा त्या आजारांच्या यादीत ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे रक्ताचे कर्करोग आणि चालू उपचारांवरील इतर कर्करोगांचा समावेश होता. तरुण कर्करुग्णांना आणखी दोन महिने थांबावे लागले.

विषाणूरोधक गोळ्यांपैकी निर्माट्रेलव्हिर-रिटोनाव्हिर देताना जपावे लागते. रिटोनाव्हिरमुळे कर्करोगावरील काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून ती औषधे तात्पुरती थांबवावी लागतात किंवा त्यांची मात्रा बदलावी लागते.