धाप आणि घास

गुऱ्हाळं सुरू झाली की कराडच्या आसपास पहाटे धूर शिवारावर बसलेला दिसतो. पण आमच्या आत्याची फुप्फुसं गेली ती स्वयंपाकघरात. बिडीला कधी शिवली नाही, चुलीपुढं भाकऱ्या मात्र जन्मभर थापल्या. डॉक्टर सीओपीडी म्हणाले, म्हणजे श्वासाच्या वाटा कायमच्या अरुंद होण्याचा रोग; घरात तो दमाच.

मग पथ्य सुरू झालं. केळं बंद, दही बंद, दूध बंद, कफ होतो म्हणून. 'हलकं' म्हणून उरलं काय, तर पेज, चहा आणि मूठभर भडंग. आत्या वाळत गेली आणि सगळे म्हणाले, दुखणंच तसलं.

दुखण्याचा वाटा होताच. या रोगात हवा फुप्फुसात कोंडून राहते, छातीखालचा श्वासपटल सपाट होतो आणि मानेच्या, बरगड्यांच्या स्नायूंना ओढकाम करावं लागतं. नुसतं बसून राहिलं तरी उष्मांक जास्त जळतात. ते अन्नातून आले नाहीत की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं, त्यात श्वासाचेही आले. २००४ साली मांडलेल्या 'बोड' निर्देशांकात रोगाचा पुढचा अंदाज बांधताना फुप्फुसाची क्षमता, धाप आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर यांच्या जोडीला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, हेही धरतात. तो २१ किंवा त्याखाली असेल तर धोका जास्त.

दुधाचं म्हणाल तर ते लाळेत मिसळून घशाशी दाट लागतं. त्यालाच आपण कफ समजतो.

खरी अडचण ताटापुढं येते. गिळताना क्षणभर श्वास थांबतो, आणि पोट तट्ट भरलं की श्वासपटलाला खाली सरकायला जागा उरत नाही. म्हणून थोडं थोडं, पाच-सहा वेळा खायचं. पण त्या थोड्यात दम हवा. भडंगात निम्मी हवाच! तीस ग्रॅम शेंगदाण्यात साडेसात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि १७० उष्मांक असतात. दात नसले तरी साताऱ्याकडचा शेंगदाण्याच्या कुटाचा महाद्या आहेच, त्यात भाकरी कुस्करायची, वर तेलाची धार. पिठापेक्षा तेला-तुपातून तेवढीच शक्ती घेताना कार्बन डायऑक्साइड कमी तयार होतो, हेही खरं. तेवढ्यासाठी भाकरी सोडायचं कारण नाही. एका वेळी अति खाणं जास्त नडतं.

वजन आधीच जास्त असेल किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असेल तर हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडूनच मांडून घ्यावा. स्टिरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर हाडांसाठी कॅल्शियमचंही विचारावं.

आत्याचं ताट आम्ही आंघोळीनंतर लगेच वाढायचो. तेव्हा तिला आधीच धाप लागलेली असायची. आता पंप घेतला की ती अर्धा तास ओसरीवर टेकते, मग वाटी मागते.