दोन पराभव आणि एक नकाशा : बार्बरा जॉर्डन यांच्या राजकारणाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने अमेरिकी काँग्रेसच्या मतदारसंघांचा नकाशा पुन्हा आखला. असा नकाशा एरवी दर दहा वर्षांनी, जनगणना झाली की बदलतो; या वेळी दशक अर्ध्यावर असतानाच बदलला. त्यात ह्यूस्टन शहरातल्या १८ व्या मतदारसंघाच्या सीमाही हलल्या. या मतदारसंघाची बातमी आली की इथून काँग्रेसवर गेलेल्या कृष्णवर्णीय नेत्या बार्बरा जॉर्डन यांचं नाव निघतंच, आणि पाठोपाठ १९७४ मधलं त्यांचं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या महाभियोगावरचं भाषण आठवलं जातं. भाषण आठवावं असंच आहे. पण ते करायला ही वकीलबाई त्या खुर्चीपर्यंत पोचली कशी, हे समजून घ्यायचं तर आधी नकाशेच उलगडावे लागतात.

बार्बरा जॉर्डन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९३६ चा, ह्यूस्टनच्या ‘फिफ्थ वॉर्ड’ या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. वडील गोदामात कारकून आणि बाप्टिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक. घरात शिस्त कडक. जीव लागला तो आजोबांचा, आईच्या वडिलांचा. ते भंगार गोळा करायचे. रविवारी चर्च आटोपलं की नात त्यांच्या गाडीवर चढून बसायची. चिंध्या, रद्दी, लोखंड वेगळं करायला मदत करायची, आणि विक्रीतले चार पैसे तिच्या हातावर पडायचे. दुसऱ्या कुणासारखं होऊ नकोस, स्वतःच्या पायावर उभी राहा, असं आजोबा तिला सांगत. पुढे आयुष्यभर त्यांनी या आजोबांचं ऋण बोलून दाखवलं.

याच वस्तीत लॉनी स्मिथ नावाचे एक दंतवैद्य राहत. टेक्सासमध्ये तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली की निवडून आल्यातच जमा. खरी निवडणूक ती पक्षांतर्गत. आणि पक्षाचं म्हणणं असं की आमची ही निवडणूक खाजगी बाब आहे, तिच्यात फक्त गोऱ्यांनी मत द्यायचं. स्मिथ यांनी त्याविरुद्ध दावा लावला, नागरी हक्कांचे वकील थर्गुड मार्शल यांनी तो लढवला, आणि एप्रिल १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही ‘गोऱ्यांची प्रायमरी’ बेकायदा ठरवली. बार्बरा तेव्हा आठ वर्षांची होती.

तिच्या कॉलेजचा जन्मही एका दाव्यातूनच झाला. ह्यूस्टनचे हेमन स्वेट यांनी १९४६ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कायद्याच्या वर्गासाठी अर्ज केला. निव्वळ वर्णामुळे त्यांना प्रवेश नाकारला गेला. प्रकरण कोर्टात गेल्यावर सरकारने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी ह्यूस्टनमध्ये वेगळं विद्यापीठच काढलं, म्हणजे ‘तुमची सोय केली आहे’ असं न्यायाधीशांना सांगता यावं. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सोय अमान्य केली आणि स्वेट यांना ऑस्टिनमध्ये घ्यायला लावलं. पण ह्यूस्टनचं ते विद्यापीठ राहिलं, त्याचं नाव टेक्सास सदर्न झालं, आणि १९५२ मध्ये सोळा वर्षांची बार्बरा तिथे दाखल झाली. वकील व्हायचं हे शाळेतच ठरलं होतं. शिकागोच्या कृष्णवर्णीय वकील इडिथ सॅम्पसन शाळेत व्याख्यानाला आल्या होत्या, त्यांना ऐकून. कॉलेजात थॉमस फ्रीमन या प्राध्यापकांनी तिला वादविवादाच्या चमूत घेतलं. हा चमू मोटारीने गावोगाव जायचा. दक्षिणेत वाटेवरची बहुतेक हॉटेलं आणि स्वच्छतागृहं त्यांना बंद. तरी याच मुलांनी हार्वर्डच्या चमूला बरोबरीत रोखलं. जॉर्डन यांच्या आवाजाचं कौतुक सगळे करतात. मला त्यामागची ही मेहनत जास्त महत्त्वाची वाटते. तो भारदस्त, एकेक अक्षर स्पष्ट उच्चारणारा आवाज या तालमीत घडलेला आहे.

पुढे बॉस्टन विद्यापीठात कायद्याचं शिक्षण. तिथे पहिल्यांदा लक्षात आलं की गोऱ्यांच्या शाळांत जे शिकवलं गेलं ते आपल्यापर्यंत आलंच नव्हतं. पाठांतरावर भागत नव्हतं, विचार करून युक्तिवाद मांडावा लागत होता. विचार करण्यातला सोळा वर्षांचा अनुशेष मी तिथे भरून काढला, अशा अर्थाचं त्यांनी पुढे सांगितलं आहे. १९५९ मध्ये पदवी घेऊन त्या ह्यूस्टनला परतल्या. ऑफिस भाड्याने घ्यायला पैसे नव्हते, म्हणून आईवडिलांच्या घरातलं जेवणाचं टेबल हेच वकिलीचं टेबल झालं. त्याच टेबलावर अशिलांची कागदपत्रं, त्याच टेबलावर संध्याकाळचं जेवण.

राजकारणात त्या आल्या १९६० मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत केनेडी-जॉन्सन प्रचाराच्या कार्यालयात पाकिटं भरायला. एका सभेला ठरलेला वक्ता आला नाही, ऐनवेळी यांना उभं केलं, आणि त्यानंतर पाकिटं भरायचं काम त्यांना कुणी दिलं नाही.

१९६२ मध्ये त्या टेक्सासच्या प्रतिनिधिगृहासाठी उभ्या राहिल्या आणि पडल्या. १९६४ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा पडल्या. आता या पराभवांकडे जरा जवळून बघावं लागेल. ह्यूस्टनची हॅरिस काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) अफाट मोठी. तिथले सगळे प्रतिनिधी काउंटीभरच्या मतदानातून निवडले जात, स्वतंत्र मतदारसंघ नव्हते. त्यामुळे फिफ्थ वॉर्डातल्या झाडून सगळ्यांनी मत दिलं तरी ते गोऱ्यांच्या मतांच्या लाटेत बुडायचं. शिवाय मत द्यायचं तर आधी पोल टॅक्स भरायचा. मोलमजुरी करणाऱ्याला दीड-पावणेदोन डॉलरही जड. राज्याच्या सिनेटची, म्हणजे वरच्या सभागृहाची, तऱ्हा आणखी वेगळी. लोकसंख्या कितीही असो, एका काउंटीला एकाहून अधिक सिनेटर नाही, अशी टेक्सासच्या घटनेतच तरतूद. १९६० च्या जनगणनेत हॅरिस काउंटीची लोकसंख्या १२ लाखांवर होती, आणि ३१ जणांच्या सिनेटमध्ये तिला जागा मात्र एक.

हे सगळं मोडलं ते कोर्टांनी, दोन-चार वर्षांच्या आत. मतदारसंघांची आखणी हा न्यायालयाचा विषय होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये टेनेसीच्या ‘बेकर विरुद्ध कार’ खटल्यात सांगितलं. राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मतदारसंघ समान लोकसंख्येचे हवेत, हे १९६४ मध्ये अलाबामाच्या ‘रेनल्ड्स विरुद्ध सिम्स’मध्ये ठरलं. त्याच आधारावर टेक्सासची काउंटीची मर्यादाही रद्द झाली. राज्यांच्या निवडणुकांतला पोल टॅक्स मार्च १९६६ मध्ये गेला. हॅरिस काउंटीत सिनेटचे नवे मतदारसंघ आखले गेले, त्यातला ११ वा जॉर्डन यांनी तपासला. ज्या मतदान केंद्रांवर त्या आधीच्या दोन्ही वेळा पुढे होत्या, त्यातली बरीच केंद्रं या एकाच मतदारसंघात आली होती. बाई तीच, मतदार तेच, प्रचारही जवळपास तोच. १९६६ मध्ये त्या दणदणीत मतांनी निवडून आल्या. १८८३ नंतर टेक्सासच्या सिनेटमध्ये बसलेली ही पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. सभोवती तीस पुरुष.

त्या सभागृहात त्यांनी आदळआपट केली नाही. आधी नियमावली पाठ केली. कुठलंही विधेयक चर्चेला घ्यायला तिथे दोन-तृतीयांश सिनेटर लागत, म्हणजे अकरा जण आडवे आले तर ते तिथेच अडतं. मतदार नोंदणी अवघड करणारं एक विधेयक आलं, तेव्हा त्यांनी एकेका सहकाऱ्याला गाठून दहा जण जमवले. अकराव्या त्या स्वतः. विधेयक पडून राहिलं. टेक्सासचा पहिला किमान वेतन कायदा, ज्यात शेतमजूर आणि घरकाम करणारेही आले, तो त्यांच्याच कारकिर्दीतला.

या पद्धतीवर टीकाही झाली, आणि ती सांगायलाच हवी. १९७१ मध्ये मतदारसंघांची पुनर्रचना आली तेव्हा जॉर्डन या काँग्रेसच्या जागांची आखणी करणाऱ्या समितीत होत्या. ह्यूस्टनमध्ये नवा १८ वा मतदारसंघ तयार झाला, त्यांना अनुकूल. पण त्यांच्या जुन्या सिनेट मतदारसंघाची मात्र अशी फाळणी झाली की तिथून दुसरा कृष्णवर्णीय उमेदवार निवडून येणं मुश्किल. ह्यूस्टनचेच प्रतिनिधी कर्टिस ग्रेव्ह्ज यांनी ‘स्वतःच्या जागेसाठी समाजाची जागा विकली’ असा उघड आरोप केला आणि १९७२ च्या प्रायमरीत त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. लोकांनी जॉर्डन यांनाच भरभरून मतं दिली. तरी ग्रेव्ह्ज यांचा मुद्दा मतमोजणीने खोटा ठरला असं मी म्हणणार नाही. नकाशाने दोनदा हरलेली व्यक्ती या वेळी नकाशाच्या टेबलावर बसली होती, आणि त्या टेबलावर बसणाऱ्याचे हात कोरे राहत नाहीत.

त्याच वर्षी १० जूनला त्यांना परंपरेप्रमाणे ‘एका दिवसाच्या गव्हर्नर’चा मान मिळाला. ऑस्टिनला समारंभ होता, वडील आले होते. तिथेच त्यांची प्रकृती बिघडली, आणि लेक राज्याच्या खुर्चीत बसलेली पाहून दुसऱ्याच दिवशी ते गेले.

नोव्हेंबर १९७२ मध्ये त्या काँग्रेसवर गेल्या. जॉर्जियाचे अँड्र्यू यंग आणि त्या, १९०१ नंतर दक्षिणेतून आलेले हे पहिले दोन कृष्णवर्णीय सदस्य. माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी शब्द टाकला आणि त्यांना न्यायविषयक समिती मिळाली. दीड वर्षात वॉटरगेट, म्हणजे निक्सन यांच्या सत्तेच्या गैरवापराचं प्रकरण, त्याच समितीपुढे आलं. २५ जुलै १९७४ च्या रात्री दूरचित्रवाणीवर त्यांची पाळी आली. ‘आम्ही भारताचे लोक’ हे शब्द पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच वाचून वाढलेल्या आपल्यासारख्यांना तो आरंभ चटकन भिडतो. ‘आम्ही लोक’ ही मोठी वजनदार सुरुवात आहे, असं म्हणून त्यांनी सांगितलं, की १७८७ मध्ये ही घटना पूर्ण झाली तेव्हा त्या ‘आम्ही’त मी नव्हते, दुरुस्त्या, अन्वयार्थ आणि न्यायालयांचे निवाडे यांच्या वाटेने मी आत आले. पुढचा सगळा भाग वकिली थाटाचा. घटनेचे एक शिल्पकार मॅडिसन काय म्हणाले, घटनेला मंजुरी देणाऱ्या दक्षिण कॅरोलिनाच्या अधिवेशनात काय ठरलं, हे एका बाजूला. निक्सन यांनी काय केलं, हे दुसऱ्या बाजूला. विशेषण नाही, शिवी नाही. दोन दिवसांनी महाभियोगाचं पहिलं कलम २७ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झालं, आणि ९ ऑगस्टला निक्सन यांनी पद सोडलं.

भाषणाइतकी आठवण न राहिलेली एक गोष्ट १९७५ ची. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याच्या कडक कलमांतून टेक्सास सुटलं होतं, कारण ती कलमं साक्षरता चाचणी घेणाऱ्या राज्यांना लागू होती आणि टेक्सासचं हत्यार पोल टॅक्स होतं. जॉर्डन यांनी पुढाकार घेऊन भाषिक अल्पसंख्याकांना त्या कायद्याचं संरक्षण मिळवून दिलं; मोठे भाषिक गट असलेल्या ठिकाणी फक्त इंग्रजीत मतपत्रिका देणं हीदेखील एक आडकाठी मानली गेली. स्पॅनिश बोलणाऱ्यांना त्याचा फायदा झाला, आणि टेक्सासला मतदारसंघात बदल करायचा तर आधी केंद्राची मंजुरी घेणं भाग पडलं. स्वतःच्याच राज्याचे गव्हर्नर विरोधात असताना त्यांनी हे केलं. ही मंजुरीची अट २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ‘शेल्बी काउंटी’ निकालाने निष्प्रभ झाली. २०२५ चा नकाशा तिच्याशिवाय आखला गेला.

१९७९ मध्ये, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी काँग्रेस सोडली. मल्टिपल स्क्लेरोसिसने शरीर पोखरायला सुरुवात केली होती, पण त्याबद्दल त्या जाहीरपणे बोलल्या नाहीत. उरलेलं आयुष्य त्यांनी ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात शिकवण्यात घालवलं. स्वेट यांना दार बंद करणारं तेच विद्यापीठ. १९९२ च्या पक्ष अधिवेशनात त्या चाकाच्या खुर्चीतून बोलल्या. १७ जानेवारी १९९६ ला त्या गेल्या आणि टेक्सासच्या राज्य दफनभूमीत त्यांना जागा मिळाली, तिथे दफन झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून.

त्याआधी, सप्टेंबर १९८७ मध्ये, त्या एकदा पुन्हा वॉशिंग्टनला गेल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयासाठी न्यायाधीश रॉबर्ट बोर्क यांचं नाव पुढे आलं होतं. मतदारसंघ समान लोकसंख्येचे हवेत, म्हणजे ‘एक व्यक्ती, एक मत’, या निकालांवर बोर्क यांनी पूर्वी टीका केली होती. अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देताना जॉर्डन यांनी स्वतःचंच प्रकरण मांडलं : १९६२ मध्ये मी उभी राहिले आणि हरले. १९६४ मध्ये उभी राहिले आणि हरले. मग न्यायालयाचा निकाल आला, मतदारसंघ नव्याने आखले गेले, आणि १९६६ मध्ये मी निवडून आले. बोर्क यांचं मत मान्य झालं असतं, तर मी अजून हरतच राहिले असते. ऑक्टोबरमध्ये सिनेटने बोर्क यांचं नाव ५८ विरुद्ध ४२ मतांनी फेटाळलं.